माझ्या न धरलेल्या उपासाची हकीकत

ब्रेस्तोवात्स,
ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार

तीर्थस्वरूप दारिंकाताईच्या पायांशी धाकट्या रादिसावचा नमस्कार.

ख्रिस्त उठला आहे, ताई. (वाचता वाचता तू "खरोखर उठला आहे" म्हणालीस असं धरून पुढे लिहितो. म्हणाली नसशील तर आता म्हण, मी थांबतो.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो हे तू मागे लिहिलं होतंस, पण कोबीची पानं कुठल्या गुडघ्याला बांधतेस ते लिहायचं राहिलं. तानासिये भावोजींचा रक्तदाब, त्यांचा रेडिओ आणि त्यांचं शेजाऱ्याशी बांधावरून चाललेलं भांडण, सगळं व्यवस्थित चालू असेल अशी आशा आहे. इकडे माझ्या बायकोची, स्मिल्याची, तब्येत उत्तम आहे. नको इतकी उत्तम आहे, पण त्याचं कारण पुढे येईल. फोन करायचा सोडून मी पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. ताई, तुला फोन करायचा म्हणजे भावोजींना फोन करायचा. ते आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवतात आणि आपण दोघं बोलत असताना मधेमधे खोकून आपलं मत देतात. मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या खोकल्यासकट सांगण्यासारखं नाही.

तुझं ईस्टरचं पत्र पोचलं. तू लिहितेस, की आमच्या कोसाराने (भावोजींची ही मावसबहीण माझ्या घराला लागून राहते, हे माझं नशीब) तुला कळवलं, की गुड फ्रायडेला मी भर चर्चमध्ये ढसाढसा रडलो, मला पाहून सगळं गाव रडलं आणि आता मी सगळं सोडून मठात जाणार आहे. तू आनंदाने मेणबत्ती लावलीस इथवर मी धीराने वाचलं. पण त्यानंतर तू आईच्या थडग्यापाशी जाऊन तिलाही ही बातमी सांगितलीस, हे वाचल्यावर मी पत्राची घडी करून ते साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवस चहाही बिनसाखरेचा घेतला. त्याच पत्रात शेवटी, समासात, तू आडव्या अक्षरांत एक ओळ लिहिली आहेस. गुडघे म्हणतात पुरे, तानासिये म्हणतात पुरे, पोरं तिकडे व्हिएन्नात दुकानातलं खातात, तेव्हा यंदा मिरच्या भाजून, आटवून आयवाराच्या बरण्या भरायच्या त्या फक्त तुझ्यासाठी. खाणार असशील तर मिरचीवाला रोपं लावायच्या आत कळव, किती किलो सांगू? ताई, त्या ओळीचं उत्तर या पत्रात आहे. पण ते एकदम लिहायचं धैर्य मला होत नाही, म्हणून लांबून चालत येतो आहे.

तर जानेवारीत मला खाज सुटली. आधी हातांना, मग मानेला, मग अशा ठिकाणी की जिथे निवृत्त शिक्षकाने बसथांब्यावर उभं राहून खाजवू नये. जेवण झालं की अंगावर लाल गांध्या उठायच्या आणि संध्याकाळी पोट असं फुगायचं की स्मिल्या माझ्याशी बोलताना पोटाकडे बघून बोलायची. तिने आधी साबण बदलला, मग माझी लोकरीची बनियन जाळली, मग निदान केलं की मी उघड्या खिडकीपाशी बसतो म्हणून मला वारं लागलं आहे. आपल्याकडे वाऱ्याने काय होत नाही ते सांग. शेवटी आरोग्य केंद्रात गेलो. तिथे आता तियाना नावाची एक तरुण डॉक्टरीण आली आहे, मुलगी हुशार आहे आणि हसत नाही. तिने विचारलं, दिवसभरात काय काय खाता? मी सांगायला लागलो. सकाळची अंडी, सायीचा काय्माक लावलेला पाव, दहाची राकिया (औषध म्हणून, एकच पेला), अकराची कॉफी, अशा क्रमाने मी दुपारच्या जेवणापर्यंत पोचलो तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "सर, यात तुम्हाला कशाचा त्रास होतोय ते शोधायचं म्हणजे आधी सगळंच काढावं लागेल," ती म्हणाली.

आणि तिने सगळंच काढलं. तीन आठवडे फक्त भात, उकडलेली टर्की, गाजर, पालक आणि नाशपाती. नंतर बंद केलेला एकेक पदार्थ परत सुरू करायचा, दोन दिवसांनी एक, आणि अंगावर काय उठतंय, पोटात काय चाललंय, ते वहीत लिहायचं. ज्या दिवशी गडबड होईल त्या दिवशीचा पदार्थ हाच चोर. बंद पदार्थांचा कागद तिने माझ्या हातात दिला. दूध, चीज, काय्माक, अंडी, गहू, मका, अक्रोड, बटाटे, टोमॅटो, वांगी, मिरच्या, कॉफी, राकिया. ताई, तो कागद वाचताना मला वाटलं की कुणीतरी माझं चरित्र लिहून काढलं आहे. तरी पण खरं सांगतो, आतून मी खूश झालो. पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, पोरांना ओरडून सांगितलं की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं स्थिर ठेवा आणि जे दिसेल तेच लिहा, आणि आता प्रथमच हे सगळं माझ्याच पोटावर करून बघायची संधी चालून आली होती. मी शंभर पानी वही आणली. तक्ते आखले. रकान्यांना रंग दिले. परत सुरू करायच्या पदार्थांचा क्रम माझ्यावर सोडला होता, तेव्हा मी अंडी सर्वांत आधी घातली आणि मिरच्या सर्वांत शेवटी. का शेवटी, ते मी वहीत लिहिलं नाही. फडताळात तुझ्या आयवाराची शेवटची बरणी उरली होती आणि मला तिच्याबद्दल काही कळून घ्यायचं नव्हतं.

आता माझी पहिली चूक. डॉक्टरीण म्हणाली, कुठल्याही सोमवारी सुरू करा. मी शहाणपणाने असा सोमवार निवडला की ज्याच्या आदल्या रविवारी घरात चीज, अंडी आणि डुकराचं मांस पोटभर खाल्लं जातं, म्हणजे निरोप नीट घेता येईल. तो रविवार इतका भरगच्च का असतो, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्या स्वयंपाकघरात चर्चचं कॅलेंडर टांगलेलं आहे, पण मी त्यात फक्त स्मिल्याने लिहिलेल्या गॅसच्या तारखा बघतो. तू मला ओळखतेस. चर्चमध्ये मी लग्नाला जातो आणि मयताला, तेही जमेल तेवढा दाराजवळ उभा राहतो. माझा सोमवार हा ईस्टरपर्यंत मांस, दूध, अंडी सोडायच्या मोठ्या उपासाचा पहिला सोमवार आहे, हे मला बुधवारी कळलं, तेही कोसाराच्या घरी.

तिच्या नातवाचा वाढदिवस होता. टेबल भरलेलं. (कोसारा उपास धरते तो पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात, पण नातवाचा वाढदिवस मधे आला तर देव समजून घेतो असं तिचं म्हणणं.) आत शिरताच तिने चेरीच्या मुरंब्याचा चमचा पुढे केला, मी नको म्हटलं. पाहुणा तो चमचा नाकारतो हे त्या घराने कधी पाहिलेलं नसावं. मग चीज आणि अंडी घातलेली गिबानित्सा आली, नको. सॉसेज, नको. पाव, नको. केक, नको. कॉफी, नको. शेवटी तिच्या जावयाने राकियाचा पेला भरून माझ्यापुढे ठेवला आणि मी तो हळूच दूर सरकवला, तेव्हा टेबलावरचे सगळे माझ्याकडे वळले. कोसाराने हातातली सुरी खाली ठेवली. "रादिसाव, तुला काय झालंय? स्मिल्याला माहीत आहे का?" आता मी काय सांगायचं होतं? मला गव्हाचा त्रास होतो की नाही ते बघतोय, असं? ताई, आपल्याकडे माणसाला हृदयाचा झटका आला तर लोक भेटायला येतात; पण पाव चालत नाही म्हटलं तर त्याच्याकडे बघायला येतात. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात तिचा चेहराच बदलला. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "उपास धरलायस?"

मी मान डोलावली. एवढंच. तोंडातून एक शब्द काढला नाही. जे काही पुढे झालं ते त्या एका मानेच्या हालचालीने झालं, आणि ती मान माझी आहे हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावाला कळलं. तिसऱ्या दिवशी असं कळलं की मास्तर साधा उपास नाही, पाण्यावरचा उपास करतात, म्हणजे तेलाचा थेंबही नाही. (हे खरंच होतं. तेलाबद्दल डॉक्टरीण काही बोलली नव्हती, पण उकडलेल्या टर्कीवर तेल घालावं असं कुणाला वाटेल?) इथून पुढे गावातल्या बायकांनी मनावर घेतलं. एवढा कडक उपास करणाऱ्या माणसाला बायको नीट रांधून घालत नसणार, असं ठरलं असावं. तासन्तास भट्टीत भाजलेल्या बिनतेलाच्या घेवड्याची मातीची भांडी यायला लागली, खाजऱ्या रानपाल्याचं सूप आलं, अक्रोडाच्या पोळ्या आल्या, लाल मिरचीत मुरवलेली कोबी आली. त्यातलं मला काहीही चालत नव्हतं. परत पाठवायची सोय नव्हती. टाकून द्यायला स्मिल्या तयार नव्हती, कारण अन्न टाकू नये आणि शिवाय ते फार चांगलं झालेलं असायचं. तेव्हा माझा उपास तिने खाल्ला. सात आठवड्यांत चार किलो वाढली बिचारी, आणि मी नऊ किलो कमी झालो. आम्ही दोघं रस्त्याने जाऊ लागलो की लोक माझ्याकडे आदराने बघायचे आणि तिच्याकडे जरा रागाने.

घराची दारंखिडक्या घट्ट लावून आम्ही टर्की शिजवायचो. (खिडक्या लावायला आपल्याकडे कारण लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.) पण वास म्हणजे वास. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी टर्की निम्मी शिजली असताना फादर येव्रेम स्वतः भेटायला आले. हा येव्रेम तुला आठवेल, मिलकारणीचा मधला मुलगा, माझा विद्यार्थी. पदार्थविज्ञानात त्याच्याइतका कच्चा मुलगा मी पाहिलेला नाही, आणि देवाचं अस्तित्व सिद्ध होत नाही हे मी वर्गात ज्यांच्याकडे बघून सांगायचो त्यांत पहिल्या बाकावर तो असायचा. आता दाढी आली आहे, आवाज आला आहे. त्याने दारातच माझे दोन्ही हात धरले (गांध्या आलेले) आणि म्हणाला, "सर, तुम्ही यायला चाळीस वर्षं घेतलीत, पण आलात." मी म्हणालो, बसा. मग त्याने नाक जरा वर केलं. "काय शिजतंय?" स्मिल्याने एका क्षणात उत्तर दिलं, "कुत्र्याचं." ताई, आमच्याकडे कुत्रा नाही. येव्रेमने डोळे मिटून मान हलवली, जणू स्वतः पाण्यावर राहून मुक्या जनावराला मांस घालणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. पुढच्या सोमवारपासून त्याची बायको, आमची पाद्रीणबाई, आमच्या कुत्र्यासाठी हाडं पाठवायला लागली. हाडं चांगली होती. मी त्यांचं सूप प्यायलो.

खरं कधी सांगणार होतो, असं तू विचारशील. रोज सांगणार होतो. पण दर दिवसाला ते अवघड होत गेलं. कोपऱ्यावरच्या कॅफेत आमच्या टेबलावरच्या तिघांनी, चाळीस वर्षांत एकही दिवस न चुकवलेल्या माणसांनी, बुधवारी आणि शुक्रवारी राकिया सोडली. मास्तरांसारखा नास्तिक सोडू शकतो तर आपल्याला काय धाड भरली आहे, असं म्हणाले. कॅफेवाला मला बघून तोंड फिरवायला लागला. कोसाराने सॉसेज सोडलं. आणि माझं असं, की चौथ्या आठवड्यात माझी अंडी सुरू झाली. सगळं गाव अंड्याकडे बघत नव्हतं आणि मी न्हाणीघरात, दाराला कडी लावून, एक उकडलेलं अंडं वहीत नोंद करून खात होतो. वर हेही सांगतो, की इतकं चांगलं अंडं मी आयुष्यात खाल्लेलं नाही. काही झालं नाही. न गांधी, न खाज. दोन दिवसांनी दूध, काही नाही. मग गहू. गव्हाच्या दिवशी मी पावाचा पहिला घास घेतला आणि स्मिल्याला वाटलं मला रडू येतंय. तिला म्हटलं, चावू दे. काही नाही. बटाटे, टोमॅटो, कॉफी, राकिया (दोन वेळा तपासली, शंका नको म्हणून), सगळ्यांवरचा आळ गेला. वहीतले रकाने एकेक करून हिरवे होत गेले आणि मी एकेका रकान्याबरोबर जास्त घाबरत गेलो. चोर कुठेतरी असणारच होता आणि संशयित संपत आले होते. वांगी होती तेव्हा मी वांग्यांकडून फार आशा धरली होती. वांगी निर्दोष निघाली.

उरल्या मिरच्या, आणि उरला शेवटचा आठवडा. मी काहीतरी करून ते पुढे ढकललं असतं, पण स्मिल्या म्हणाली, ईस्टरच्या जेवणाला बसशील तेव्हा तरी कळू दे की तुला वाढायचं काय. म्हणून गुड फ्रायडेला दुपारी बारा वाजता मी फडताळातून तुझी बरणी काढली. झाकणावर तुझ्या अक्षरात "रादिसाव" लिहिलेलं. मिरच्या उपासाला चालतात, तेव्हा हे तरी मी सगळ्या गावाच्या समोर बसून खाऊ शकलो असतो, हा विचार करून मी खिडकी उघडली. (स्मिल्याने लावली. आणि आयवारात तेल असतं आणि त्या दिवशी तेल वर्ज्य असतं, हे तिने मला खाऊन झाल्यावर सांगितलं.) दोन चमचे खाल्ले. वहीत वेळ लिहिली. एक वाजला, दोन वाजले, काही नाही. ताई, मी उठून स्वयंपाकघरात एक गिरकी मारली. साठीतला माणूस गिरकी मारताना कसा दिसतो ते तू स्मिल्याला विचार. मग आनंदाच्या भरात मी बरणी जवळ घेतली आणि चमच्याने सरळ तिच्यातूनच खायला लागलो, एकावर एक, पाव न घेता. किती चमचे ते वहीत नाही. प्रयोगाच्या सगळ्या नियमांवर मी त्या दुपारी पाणी सोडलं. डॉक्टरणीने सांगितलं होतं, नवा पदार्थ खाल त्या दिवशी घरीच थांबा. पण त्या दिवशी पाच वाजता मला घरी थांबणं शक्य नव्हतं, कारण येव्रेमने मला ते वस्त्र धरायला सांगितलं होतं.

गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या देहाचं चित्र भरलेलं ते जड मखमली वस्त्र चौघांनी चार कोपऱ्यांना धरून चर्चभोवती न्यायचं असतं, हे तुला मी सांगायला नको. चौघं कोण, यावर दर वर्षी गावात महिनाभर रुसवेफुगवे होतात. यंदा पुढचा उजवा कोपरा कुणालाही न विचारता मला दिला गेला. घंटा बंद, नुसती लाकडी फळी ठोकण्याचा आवाज, दोन्ही बाजूंना माणसं मेणबत्त्या घेऊन उभी. पहिल्या फेरीत माझा वरचा ओठ गरम झाला. मला वाटलं मेणबत्तीची धग. दुसऱ्या फेरीत ओठ नाकाला लागला, डोळ्यांना धारा लागल्या, नाकाला लागल्या, आणि मानेपासून खाली सगळं अंग असं खाजायला लागलं की तोंडातून हुंदका निघाला. आणि माझे दोन्ही हात, ताई, दोन्ही हात त्या वस्त्रात अडकलेले. तो कोपरा सोडला असता तर ख्रिस्ताचं डोकं जमिनीला लागलं असतं. खाजवता येईना, पुसता येईना, थांबता येईना. मी थरथरत होतो, डोळे सुजून बारीक झाले होते, समोरचं काही दिसत नव्हतं आणि मी मोठमोठ्याने श्वास घेत चालत होतो. आधी कोसारा रडायला लागली. मग तिच्या शेजारची. मग कॅफेतले तिघं. तिसऱ्या फेरीला येव्रेमचा आवाज प्रार्थनेच्या मधेच बसला. सगळं गाव रडलं हे कोसाराने तुला लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे.

पण आता तुला एक सांगतो, जे मी स्मिल्यालाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर, ओठ सुजायला लागल्यावर, मला कळलं की हे काय आहे. मिरच्या. म्हणजे आयवार. म्हणजे सप्टेंबरात तुझ्या अंगणात चुलीवर मिरच्या भाजणं, तू सोलतेस, मी कढई ढवळतो, चार चार तास, आई ढवळायची तसं, उलथणं ओढल्यावर कढईचा तळ दिसेपर्यंत. वर्षभरात आपण दोघं जे काही एकमेकांशी बोलतो ते त्या कढईपाशी बोलतो. आई गेली त्या वर्षी आपण तिथेच रडलो होतो आणि भावोजींना मिरच्यांचा धूर म्हणून सांगितलं होतं. ते आता राहणार नाही, हे मला ते वस्त्र धरलेलं असताना कळलं, आणि मग मी खरोखर रडलो. किती पाणी सुजेचं आणि किती माझं, ते मला सांगता येणार नाही, आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला हे कबूल करावं लागतं ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

चर्चमधून मला थेट डॉक्टरणीकडे नेलं. तिने इंजेक्शन दिलं, दोन तास समोर बसवून ठेवलं आणि त्या दोन तासांत मला असं झापलं की शाळेत मी कधी कुणाला झापलं नसेल. वहीतला शेवटचा रकाना तिने स्वतः लाल पेनाने भरला. ईस्टरनंतरच्या बुधवारी मी येव्रेमकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, मान डोलावल्यापासून कुत्र्याच्या हाडांपर्यंत. त्याने टोपलीतलं ईस्टरचं रंगीत अंडं उचललं. मग म्हणाला, "सर, माझी आठवीची फेरपरीक्षा आठवते? तरफेचा नियम विचारला होतात." मला आठवत होतं. त्या उन्हाळ्यात त्याचे वडील गेले होते, आणि तो फळ्यासमोर उभा राहून खिडकीबाहेर बघत होता. "मला एक शब्द येत नव्हता. तुम्ही म्हणालात, बरोबर उत्तर तुझ्या मनात आहे ना? मी मान डोलावली. तुम्ही पास केलंत." एवढं बोलून त्याने अंडं सोलून माझ्यापुढे ठेवलं. कुत्र्याचं नाव काय, असं मात्र विचारलं त्याने, आणि मग इतका हसला की त्याची बायको बघायला आली.

तेव्हा ताई, मी मठात जात नाही, आणि आईला काय सांगायचं ते तू बघ. ती रागावणार नाही. मी लहानपणी आजारी असल्याचं सोंग करायचो ते तिला नेहमीच कळायचं. आणि समासातल्या ओळीचं उत्तर असं, की माझ्यासाठी आयवार घालू नकोस. मला तो आता चालत नाही. तुझ्या गुडघ्यांनी पुष्कळ केलं, त्यांना विश्रांती दे. मिरचीवाल्याला सांग की यंदा नको. मी याबद्दल विचार केला आहे आणि मला काहीही वाटत नाही. भावोजींना नमस्कार, कोबीची पानं दोन्ही गुडघ्यांना बांध.

तुझा धाकटा,
रादिसाव

ता. क. — कोसाराला यातलं काही कळवू नकोस. तिने सॉसेज सोडल्यापासून तिचं डोकं दुखायचं थांबलं आहे, आणि आता काय सोडलं की काय थांबतं ते लिहायला ती वही घेऊन माझ्याकडे येते. तिला रकाने आखून देतो.

ता. क. — पत्र पाकिटात घालायच्या आधी स्मिल्याने वाचलं. ती म्हणते, बाकीचं ठीक आहे, पण शेवटच्या परिच्छेदात तू खोटं लिहिलं आहेस आणि मान डोलावल्यापासून दोन महिन्यांत दुसऱ्यांदा तेच करतो आहेस. मी म्हटलं, कुठलं खोटं? तर ती फडताळाकडे बोट दाखवून गेली. ती रिकामी बरणी मी अजून धुतलेली नाही. सकाळी झाकण काढतो, वास घेतो, परत लावतो. डॉक्टरणीने वासाला मनाई केलेली नाही.

ता. क. — मिरचीवाल्याला साठ किलो सांग. नेहमीएवढ्याच. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या बसने मी येतो. सोलायला हातमोजे आणेन, तू फक्त खुर्चीवर बस, पाय स्टुलावर ठेव, आणि बुडाला लागतंय म्हणून मला ओरड. बरण्या कोसाराला दे, येव्रेमला दे, व्हिएन्नाला पाठव, त्या तिथे पडून राहिल्या तरी चालेल, पण एका झाकणावर माझं नाव लिही. खाणारे पुष्कळ मिळतील, ताई. मला ढवळायचं आहे.